नाव बाबांचं, आकडा कुणाचा?

मालकाच्या रकान्यात बाबांचं नाव स्वच्छ दिसत होतं आणि फाइल सेव्ह करायला गेलं की यंत्र बाबांनाच 'परमिशन डिनाइड' म्हणत होतं. घरच्या नेटवर्कवर एनएफएसने फाइली वाटून घेणाऱ्याला हे दुखणं कधी ना कधी गाठतंच. मी एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा सांभाळते. तिथे हा प्रकार होत नाही, कारण पहिल्या वर्षाच्या पोरापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांची नोंद एकाच मध्यवर्ती डिरेक्टरीत असते आणि कुठल्याही यंत्रासमोर बसलं तरी ओळख तिथूनच येते. घरात अशी डिरेक्टरी कोण ठेवतो? घरातलं प्रत्येक यंत्र वेगळ्या साली, वेगळ्या घाईत आणि बहुतेक वेळा रात्री जेवणं झाल्यावर उभं राहिलेलं असतं.

आमचं घर हैदराबादच्या तारनाक्याचं. बाबांची सगळी नोकरी इथल्या आर.आर.एल.मध्ये गेली. १९८९ साली संस्थेचं नाव बदलून 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी' झालं, पण आमच्या घरात आणि जुन्या रिक्षावाल्यांच्या तोंडी ती आर.आर.एल.च. निवृत्तीनंतर बाबांनी नांदेडकडच्या शेताची जुनी कागदपत्रं स्कॅन करायला घेतली. निजामाच्या काळातली उर्दू महसुली कागदं, आजोबांची मोडीतली टिपणं, नंतरच्या काळातली मराठी पत्रं, असा तो पसारा. ते ठेवायला म्हणून मी एका जुन्या डेस्कटॉपचा फाइल सर्व्हर केला. सिकंदराबादच्या पार्कलेनला चेनॉय ट्रेड सेंटरमधून दोन डिस्क आणल्या, डेबियन चढवलं आणि घरातल्या सगळ्यांना फोल्डर वाटून दिला. खाली बाबा, दादा, वहिनी आणि इंजिनिअरिंगला असलेला भाचा. वरच्या मजल्यावर मी.

कितीतरी दिवस काही बिघडलं नाही, आणि ते का बिघडलं नाही हीच खरी गंमत. लिनक्समध्ये माणसाला नाव असतं ते आपल्यासाठी. यंत्र ओळखतं तो आकडा, यूआयडी. डेबियन किंवा उबुंटू चढवताना जो पहिला खातेदार होतो त्याला १००० हा आकडा मिळतो, दुसऱ्याला १००१. सर्व्हर मी उभा केला, म्हणून तिथे १००० मी. बाबांच्या पीसीवर १००० बाबा. भाच्याच्या लॅपटॉपवर १००० भाचा. एनएफएस तारेवरून आकडाच पाठवतं, त्यामुळे सर्व्हरच्या लेखी आम्ही तिघं मिळून एकच माणूस होतो. बाबा लिहायचे, भाच्याला ते स्वतःचं दिसायचं, मला माझं. भाच्याने एकदा 'डुप्लिकेट' समजून मोडीच्या टिपणांचं एक अख्खं पाकीट उडवलं, तेव्हा सर्व्हरने हूं की चूं केलं नाही. त्याच्या दृष्टीने मालकाने स्वतःचीच वस्तू टाकली होती. बॅकअप होता म्हणून निभावलं.

तारनाक्यात राहणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. इथे 'स्ट्रीट नंबर एक' आहे आणि पलीकडे हबसीगुड्यातही 'स्ट्रीट नंबर एक' आहे. ज्याच्या त्याच्या वस्तीत तो आकडा बरोबरच असतो. पार्सलवाला फक्त आकडा घेऊन निघाला आणि वस्तीचं नाव विसरला, तर बेल भलत्याच दाराची वाजते. एनएफएसचा पार्सलवाला वस्ती विचारतच नाही.

दादाने मॅक घेतला तेव्हा पहिली ठिणगी पडली. मॅकवर पहिला खातेदार ५०१ असतो आणि त्याचा गट 'स्टाफ', आकडा २०. आमच्या सर्व्हरवर ५०१ आकड्याचं कुणीच नव्हतं. गट २० मात्र होता, आणि डेबियनमध्ये त्याचं नाव 'डायलआउट'. म्हणजे मोडेमवरून फोन लावायची मुभा ज्यांना द्यायची त्यांचा गट. दादाने टाकलेल्या लग्नाच्या फोटोंचा मालक नुसता ५०१ आणि गट डायलआउट. बाबांनी यादी बघितली आणि विचारलं, "हे फोटो फोनवरून आले का?" त्याआधी त्या मॅकवरून फोल्डर जोडतानाच नकार यायचा, ते दुखणं निराळं: मॅक १०२४च्या वरच्या पोर्टवरून बोलायला जातो आणि लिनक्सचा सर्व्हर साध्या मांडणीत त्यापेक्षा खालच्या पोर्टवरून येणाऱ्यालाच आत घेतो. जोडताना 'रिझर्व्हपोर्ट'चा पर्याय दिला की ते मिटतं. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

मग एका उन्हाळ्यात जुन्या डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय गेला आणि दादाने कपाटात मावेल असा दोन डिस्कांचा तयार डबा आणला. आत लिनक्सच, पण जुन्या चालीचं, आणि खातेदारांचे आकडे १०२६पासून पुढे. मी बाबांचं खातं उघडलं, माझं उघडलं, भाच्याचं उघडलं, फाइली ज्याच्या त्याच्या नावे करून दिल्या आणि या वेळी एनएफएसची चौथी आवृत्ती लावली. वाटलं, आता नीट बसलं.

बाबांच्या पीसीवर सगळ्या फाइलींचा मालक 'नोबडी' झाला.

हा नोबडी कोण, ते सांगायला हवं. त्याचा आकडा ६५५३४. मूळचा तो उणे दोन. सोळा बिटांच्या काळात उणे दोन लिहिले की ६५५३४ असे वाचले जायचे, तेच चिकटून राहिलं. ज्याची ओळख पटत नाही त्याला यंत्र या आकड्यावर बसवतं. बाबांना ते मुळीच रुचलं नाही. "माझ्या वडिलांच्या सातबाऱ्याचा मालक कुणीच नाही, असं लिहिलंय इथं. कोर्टात दाखवलं तर?" मी म्हटलं, बाबा, कोर्ट लिनक्सची यादी वाचत नाही. ते म्हणाले, "तुला काय ठाऊक, पुढं वाचतील."

चौथ्या आवृत्तीत मालकाची ओळख आकड्याने जात नाही, 'नाव, ॲटचं चिन्ह, डोमेन' अशी ईमेलच्या पत्त्यासारखी जाते. दोन्ही टोकांना 'आयडीमॅप' नावाची सोय असते, ती नावाचा आकडा आणि आकड्याचं नाव करते. अट एकच: दोन्हीकडे डोमेनचा शब्द तोच हवा. डब्यावर तो होता 'लोकलडोमेन'. बाबांचा पीसी बसवताना डेबियनने डोमेन विचारलं होतं आणि तिथे घराचं नाव टाकलेलं होतं. डबा सांगायचा 'लोकलडोमेनवाले बाबा', पीसी म्हणायचा आमच्याकडे असे कुणी बाबा नाहीत, बसवा नोबडीवर. भाच्याच्या उबुंटूवर कुणी काही टाकलेलंच नव्हतं, म्हणून तिथे मात्र सगळं व्यवस्थित दिसत होतं. बिघाड शोधताना सर्वांत जास्त वेळ खातं ते हेच: एका यंत्रावर चालतंय आणि दुसऱ्यावर नाही.

पीसीच्या आयडीमॅपच्या फाइलीत डोमेनची ओळ बदलली. तरी नोबडी हटेना. कारण एकदा लावलेला अर्थ कर्नल आपल्यापाशी जपून ठेवतं, सहसा दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत माणूस दुरुस्त केलेलं परत बिघडवून ठेवतो. प्रयोगशाळेत मी मुलांना हे करताना नेहमी बघते. ती साठवण पुसायची आज्ञा दिली आणि यादीत बाबांचं नाव झळकलं. बाबांनी लगेच एका कागदाच्या नावातली चूक दुरुस्त करायला घेतली, आणि तिथेच आलं ते 'परमिशन डिनाइड'.

नाव बरोबर, डोमेन बरोबर, अधिकारांची अक्षरं बरोबर, आणि दार बंद. अशा वेळी सेटिंगची पानं परत परत वाचत बसू नये, तारेवर काय चाललंय ते बघावं, असं माझं मत. वायरशार्क लावलं, बाबांना फाइल सेव्ह करायला सांगितलं आणि त्या क्षणाची पाकिटं पकडली. एक पाकीट उघडलं. वर पत्ते, पोर्ट २०४९, मग आरपीसीचा भाग आणि त्यात 'क्रेडेन्शियल्स' अशी घडी. ती उलगडली: प्रकार ऑथ-युनिक्स, एक शिक्क्याचा आकडा, यंत्राचं नाव, यूआयडी १०००, जीआयडी १०००, त्याखाली इतर गटांचे आकडे. एवढंच. बाबांच्या नावाचं एक अक्षर नाही, पासवर्डाचा मागमूस नाही, सहीशिक्का काही नाही. 'मी १००० आहे' असं पीसी म्हणतो आणि डबा त्यावर विश्वास ठेवतो. डब्यावर १००० कुणीच नाही, बाबा तिथे १०२६. म्हणून दार बंद.

म्हणजे आयडीमॅप भाषांतर करतं ते यादीत दाखवायच्या नावांचं. आत घ्यायचं की नाही ते या घडीतल्या आकड्यावर ठरतं, आणि त्या आकड्याला आयडीमॅप हातही लावत नाही. हे ठाऊक नसलं की डोमेनची ओळ दुरुस्त करत आठवडे जातात, कारण ती दुरुस्त केल्यावर नाव खरंच बरोबर दिसायला लागतं आणि आपल्याला वाटतं, दिशा बरोबर आहे. या व्यवस्थेवर माझा राग आहे तो इथे. न जुळलेलं काम जुळल्यासारखं दाखवणारी सोय नसलेली बरी. पुढे लिनक्सच्या कर्नलनेही हात टेकले. साध्या ऑथ-युनिक्स ओळखीवर चालताना नावांऐवजी आकडेच पाठवायचे असं आता मुळातच ठरलेलं असतं. आमच्या डब्यापर्यंत ती सुधारणा पोचली नव्हती.

ज्यांनी हे मुळात बांधलं त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. १९८२ साली कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स निघाली. चार संस्थापकांपैकी विनोद खोसला हे जन्माने पुण्याचे. १९८४ साली या कंपनीने एनएफएस आणलं. तेव्हा घरात सर्व्हर असण्याची कल्पनाच नव्हती. एका इमारतीतली वर्कस्टेशनं, ती सांभाळणारा एक माणूस, आणि सगळ्यांच्या खात्यांची यादी एकच राहावी म्हणून त्याच कंपनीची 'यलो पेजेस' नावाची सोय. ते नाव ब्रिटिश टेलिकॉमच्या मालकीचं निघालं, म्हणून पुढे त्याचं एनआयएस झालं. यादी एकच असेल आणि प्रत्येक यंत्राचं रूटपद, म्हणजे सर्वाधिकार, एकाच विश्वासू हातात असेल, तर नुसता आकडा पाठवणं पुरतं. माझ्या कॉलेजात आजही पुरतं. आमच्या घरात चार रूट राहतात.

तेव्हा उपाय एकच होता, घराची एक यादी करायची. बाबांनी आपली जुनी प्रयोगवही काढली, डाव्या पानावर समास आखला आणि लिहायला बसले. घरचा गट २०००. बाबा २००१, दादा २००२, वहिनी २००३, मी २००४, भाचा २००५. आकडे मुद्दाम उंच घेतले, म्हणजे उद्या कुठलंही नवं यंत्र स्वतःहून १००० वाटत सुटलं तरी धडक होणार नाही. मग एकेका यंत्रावर जाऊन खात्याचा आकडा बदलला. इथे एक मेख आहे. आकडा बदलायची आज्ञा फक्त त्या माणसाच्या होम फोल्डरातल्या फाइलींची मालकी सोबत बदलते. बाकी डिस्कवर जिथे जिथे जुना आकडा चिकटलेला असतो, तो तसाच राहतो. म्हणून सगळी डिस्क चाळून 'ज्याचा मालक १००० त्याला २००१ कर' असं सांगावं लागतं, आणि हे त्या माणसाने लॉगिन केलेलं नसताना. बाबांना पीसीवरून उठवणं हे त्या रात्रीचं सर्वांत अवघड काम ठरलं.

चाळताना एक जुना फोल्डर वर आला, ज्याचे मालक ५०१ आणि ५०२ होते. दादाच्या मॅकवर बघितलं तर ५०१च्या फाइली दादाच्या आणि ५०२च्या वहिनीच्या नावे. वहिनी म्हणाली, "ताई, मी हे काही ठेवलेलं नाही." उघडून बघितलं: 'पुरणपोळी', 'दिवाळी यादी', 'भिशी', आणि आईने तिच्या नांदेडच्या बहिणीला लिहिलेली पत्रं, छपाईसाठी टाइप केलेली. तेव्हा लक्षात आलं. घरात पहिल्यांदा लिनक्स आलं ते फेडोराचं, आणि तेव्हा रेड हॅटच्या घराण्यात माणसांचे आकडे ५००पासून सुरू होत. मी ५००, बाबा ५०१, आई ५०२. मॅकचे आकडे सुरू होतात ५०१पासून, वहिनी तिथली दुसरी. आई जाऊन बरीच वर्षं झाली आणि तिच्या फाइली, कुणी काही न करता, सुनेच्या नावावर चढल्या होत्या. दादाच्या मॅकवर एनएफएसची तिसरी आवृत्ती चालत होती, तिथे सगळा व्यवहारच आकड्यांचा. वहिनीने मनात आणलं असतं तर त्या पुसताही आल्या असत्या.

"असू दे माझ्याच नावावर," वहिनी म्हणाली. "पुरणपोळी तशीही मलाच करावी लागते."

बाबा ऐकेनात. वारस लावायचा तर रीतसर लावा, म्हणाले, असा चुकून नको. त्यांनी वहीत २००६ समोर आईचं नाव लिहिलं. मी डब्यावर तिचं खातं उघडलं, त्याला लॉगिन ठेवलं नाही, फाइली २००६च्या नावे केल्या, वाचायची मुभा घरच्या गटाला दिली. ज्यांना कधीच लॉगिन करायचं नाही अशांना आकडा देणं हे लिनक्समध्ये नवं नाही. छपाईच्या सेवेपासून वेब सर्व्हरपर्यंत अशी खाती भरलेली असतात. तरी वहिनीने त्यातल्या भिशीच्या हिशेबावरून आईने कुणाला किती दिले होते ते वाचून दाखवलं, तेव्हा दोन नातेवाइकांची नावं निघाली आणि तो विषय लवकर आवरता घ्यावा लागला.

मॅकवरचा ५०१ बदलण्याच्या फंदात मी पडले नाही. होतं ते, पण मॅकच्या पुढच्या अपडेटला काय होईल याची हमी मी दादाला देणार नव्हते. दादाचा मॅक साम्बावरून जोडला. कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने १९९२च्या सुमारास हे काम सुरू केलं, विंडोजच्या पद्धतीने फाइली वाटायचं. त्यात माणूस नाव आणि पासवर्ड देऊन आत येतो आणि त्याचा आकडा कुठला, हे सर्व्हर स्वतः ठरवतो. दादाच्या यंत्रावर तो ५०१ असो की पाच लाख, डब्यावर २००२. मला विचाराल तर घरात निरनिराळ्या जातीची यंत्रं असतील तर सरळ साम्बाच लावावं. एनएफएस मी ठेवलं ते लिनक्सच्या यंत्रांपुरतं, आणि थोडं हट्टापायी.

सगळ्यांच्या फोल्डरावर गटाचा सेटजीआयडी बिट लावला, म्हणजे आत कुणीही काही टाकलं तरी त्याचा गट 'घर'च राहतो. डायलआउट गेलं.

एवढं झाल्यावर भाच्याने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. "आत्या, बघ." त्याने आपल्या यंत्रावर एक नवं खातं काढलं, आकडा दिला २००१, त्यात शिरला आणि बाबांच्या स्कॅनच्या फोल्डरात एक रिकामी फाइल ठेवून दाखवली. मालक: बाबा. त्याच्या यंत्राचा रूट तोच, त्याला कोण अडवणार? रूटला सर्व्हरवर नोबडी करून टाकायची सोय असते, पण २००१ होऊन आलेल्याला ती लागू नाही. बाबांनी चष्मा वर करून ती फाइल बघितली. "म्हणजे मी मी आहे, हे हा सांगणार आणि तो डबा मानणार?" हो, बाबा.

यावर रीतसर उत्तर आहे. केर्बेरॉस लावलं की नुसता आकडा चालत नाही, तिकीट दाखवावं लागतं. एमआयटीत ऐंशीच्या दशकात तयार झालेली ही व्यवस्था पक्की आहे, पण तिला स्वतःचा सर्व्हर लागतो, सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळती लागतात, आणि इन्व्हर्टर बसला की दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना तिकीट का मिळत नाही ते मलाच बघायला लागलं असतं. एका घरासाठी हा खटाटोप मी करणार नाही. स्कॅनचा फोल्डर भाच्याच्या लॅपटॉपला फक्त वाचण्यापुरता उघडायचा, असं एक्सपोर्टच्या ओळीत लिहिलं.

"आयपी पण बदलता येतो, आत्या."

"ठाऊक आहे. म्हणून रोजची प्रत वेगळ्या डिस्कवर जाते आणि ती डिस्क नेटवर्कवर नाही."

तो बाबांकडे वळला. बाबा म्हणाले, "वाचायचं तेवढं वाच. पुसायचं काम माझ्याकडे राहू दे." शेवटी तडजोड झाली ती अशी, की भाच्याला शेजारी एक वेगळा फोल्डर मिळाला. सुट्टीच्या दिवशी तो तिथे स्कॅनच्या प्रती घेतो, 'स्कॅन००४७' अशा नावांच्या जागी गाव, साल, कागदाचा प्रकार असं लिहितो, आणि बाबांना पटलं तर बाबा ते २००१ म्हणून मूळ फोल्डरात नेतात. निम्म्या फाइली अजून अडकल्या आहेत, कारण भाचा १९५४-५५च्या खासरा पहाणीला नुसतं 'पहाणी' म्हणतो आणि बाबा ते पास करत नाहीत.